चाऱ्याचा कस यंत्राला कसा कळतो?

प्रश्न : आमच्या गोठ्यात सहा संकरित गाई आणि दोन म्हशी आहेत. लसूणघास, नेपियर, हंगामात उसाचे वाढे आणि घरचा शाळूचा कडबा अशी वैरण असते. एका कृषी प्रदर्शनात विक्रेत्याने हातात मावेल एवढे यंत्र कुट्टीवर टेकवले आणि लगेच मोबाइलवर प्रथिने, ओलावा, तंतुमय पदार्थ यांचे आकडे दाखवले. नमुना जाळला नाही, त्यात रसायन घातले नाही. नुसत्या उजेडाने चाऱ्यातली प्रथिने कशी मोजता येतात? ते आकडे खरे धरावेत का? आणि आमच्यासारख्या छोट्या दूध उत्पादकाला त्यांचा काय उपयोग?
— एक दूध उत्पादक, माढा तालुका

उत्तर : तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर नीट कळले की पुढच्या दोन प्रश्नांची उत्तरे त्यातूनच निघतात. म्हणून तिथून सुरुवात करू.

ते यंत्र प्रथिने मोजत नाही, उजेड मोजते. त्यातल्या छोट्या दिव्याचा उजेड कुट्टीवर पडतो. काही उजेड कुट्टीत जिरतो, काही परत फिरतो. परत आलेल्या उजेडात कोणत्या लांबीच्या लहरी किती घटल्या, एवढीच नोंद यंत्र घेते. या लहरी आपल्या डोळ्यांना दिसत नाहीत. विल्यम हर्शेलने १८०० साली प्रिझमने फाकलेल्या रंगांच्या पट्ट्यात तांबड्या रंगाच्याही पलीकडे थर्मामीटर ठेवला, तेव्हा तिथे काहीच दिसत नसताना पारा चढला. अवरक्त किरणांचा शोध तो हाच. त्यातला दृश्य प्रकाशाला लागून असलेला भाग, साधारण ७८० ते २५०० नॅनोमीटरचा, चाऱ्याच्या तपासणीत वापरतात.

चाऱ्यातला प्रत्येक पदार्थ अणूंच्या बंधांनी जोडलेला असतो. पाण्यात ऑक्सिजन आणि हायड्रोजनचा बंध असतो, प्रथिनांत नायट्रोजन आणि हायड्रोजनचा, तर पिष्टमय पदार्थ, तेल आणि तंतू यांत कार्बन आणि हायड्रोजनचा. हे बंध सतत थरथरत असतात. ज्या लहरीची वारंवारता त्या थरथरीशी जुळते, ती लहर तिथे शोषली जाते. त्यामुळे पाण्याची खूण १४५० आणि १९४० नॅनोमीटरच्या आसपास ठळक उमटते, प्रथिनांची एक खूण २१८० च्या जवळ सापडते. अडचण अशी की चाऱ्यात हे सगळे पदार्थ एकत्र असतात आणि त्यांच्या खुणा एकमेकींवर चढतात. एखादी लहर पकडून ‘एवढी प्रथिने’ असे सांगता येत नाही.

इथे प्रयोगशाळेची जुनी पद्धत मदतीला येते. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत योहान केल्डाल याने १८८३ साली पदार्थातला नायट्रोजन मोजायची पद्धत बसवली. नमुना तीव्र आम्लात शिजवायचा, त्यातला नायट्रोजन अमोनियाच्या रूपाने बाहेर काढून मोजायचा आणि येणाऱ्या आकड्याला ६.२५ ने गुणायचे, कारण प्रथिनांत सरासरी १६ टक्के नायट्रोजन असतो. चाऱ्याच्या अहवालात ‘क्रूड प्रोटीन’ म्हणून येतो तो हा आकडा. तंतूंची मोजणी अमेरिकेत पीटर व्हॅन सोस्ट यांनी १९६० च्या दशकात सुधारली. जनावराला सहज पचणारा भाग आणि पेशीभित्तिकेचा चिवट भाग वेगळा करण्याची त्यांची पद्धत आज जगभर चालते. या दोन्ही पद्धती विश्वासाच्या आहेत, पण त्यांना वेळ लागतो, रसायने लागतात आणि प्रशिक्षित माणूस लागतो.

अमेरिकी कृषी खात्याच्या बेल्ट्सव्हिल केंद्रातले अभियंते कार्ल नॉरिस यांनी या मोजणीला उजेडाची जोड दिली. एकाच नमुन्याचा रासायनिक अहवाल काढायचा आणि त्याच नमुन्यावरून परतलेल्या उजेडाचा आलेखही घ्यायचा. असे पुष्कळ नमुने जमले की कोणत्या लहरींच्या कोणत्या मिश्रणातून प्रथिनांचा आकडा निघतो, ते गणिताने शोधायचे. नॉरिस, बार्न्स, मूर आणि शेंक यांनी या रीतीने चाऱ्याची प्रत सांगता येते हे १९७६ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखवले. पुढे प्रयोगशाळांतली मोठी यंत्रे आली, मग कापणी यंत्रावर बसणारे सेन्सर आले आणि आता हातातले यंत्र आले. या सगळ्यांच्या पोटात हाच मेळ आहे. त्याला कॅलिब्रेशन म्हणतात.

तुमचा दुसरा प्रश्न विश्वासाचा आहे, आणि त्याचे उत्तर या कॅलिब्रेशनमध्ये आहे. आयुष्यभर शाळूचा कडबा घेण्या-विकण्यात मुरलेला व्यापारी हात लावून पेंढीची प्रत सांगेल, पण त्याच्यापुढे भाताचा पेंढा ठेवला तर त्याचा अंदाज चुकेल. यंत्राचेही तसेच आहे. युरोप-अमेरिकेतला मका, तिथले लसूणघास आणि रायग्रास यांवर तयार झालेल्या कॅलिब्रेशनने उसाचे वाढे कधी पाहिलेलेच नसतात. तरीही वाढ्यांवर टेकवल्यावर यंत्र गप्प बसत नाही. ते आकडा देतेच, आणि तोही दशांशापर्यंत. पडद्यावरचा नेमका दिसणारा आकडा खरा असेलच असे नाही, हे पक्के लक्षात ठेवा.

दुसरी गोष्ट पाण्याची. प्रयोगशाळेत नमुना साधारण ६० अंशांवर वाळवतात आणि बारीक दळतात, मगच उजेडाखाली ठेवतात. शेतातल्या हिरव्या चाऱ्यात ७५ ते ८५ टक्के पाणीच असते. पाण्याची खूण इतकी जोरकस असते की तिच्याखाली प्रथिनांची खूण दबते. त्यात पानांचे आणि देठांचे तुकडे वेगवेगळ्या आकाराचे असतात, त्यामुळे उजेड वेडावाकडा विखुरतो. म्हणून वाळलेल्या, दळलेल्या नमुन्यावर यंत्र जितके खरे बोलते तितके ओल्या कुट्टीवर बोलत नाही.

तिसरी गोष्ट यंत्राच्या नजरेच्या पल्ल्याची. काही स्वस्त यंत्रे ७४० ते १०७० नॅनोमीटर एवढाच पट्टा पाहतात, काही १३५० च्या पुढे २५०० पर्यंत जातात. प्रथिनांच्या आणि तंतूंच्या ठळक खुणा या दुसऱ्या पट्ट्यात आहेत. ओलाव्याचा अंदाज स्वस्त यंत्रालाही बऱ्यापैकी जमतो. प्रथिनांचा अंदाज चांगल्या कॅलिब्रेशनवर चांगला येतो, तंतूंचा त्याखालोखाल. कॅल्शियम, फॉस्फरस यांसारख्या खनिजांबाबत मात्र सावध राहा. खनिजे या पट्ट्यातला उजेड स्वतः शोषत नाहीत. त्यांचा आकडा आडून, इतर पदार्थांवरून काढलेला असतो. खनिज मिश्रण किती द्यायचे हे त्यावरून ठरवू नका.

म्हणून विकत घेण्याआधी विक्रेत्याला चार प्रश्न विचारा. कॅलिब्रेशनमध्ये कोणकोणती पिके आहेत आणि त्यांचे नमुने कुठल्या भागातले आहेत? ते ओल्या चाऱ्यासाठी आहे की वाळलेल्या? कॅलिब्रेशन करताना वापरले नव्हते अशा नव्या नमुन्यांवर सरासरी चूक किती आली? दरवर्षी सुधारित कॅलिब्रेशन मिळेल का, आणि त्याचे वेगळे पैसे पडतील का? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सगळ्यांत महत्त्वाचे. ज्या नमुन्यांवर यंत्र शिकले त्यांच्यावर ते बरोबर येणारच, कस लागतो तो नव्या नमुन्यांवर.

यंत्र हाती आल्यावर घरच्या पाच-सहा नमुन्यांवर ते चालवा आणि त्याच पिशव्या पशुपोषणाच्या प्रयोगशाळेत पाठवा. यंत्र प्रत्येक वेळी दीड-दोन टक्के जास्तच सांगत असेल तर घाबरू नका, तेवढे वजा केले की काम भागते. कधी दोन टक्के वर आणि कधी तीन टक्के खाली असे हेलकावे दिसले तर मात्र त्या पिकासाठी ते बाजूला ठेवा.

नमुना घेणे हाही मोजणीचाच भाग आहे. यंत्राची नजर एका वेळी नाण्याएवढ्या जागेवर पडते. लसूणघासाच्या पानांत देठांच्या जवळजवळ दुप्पट प्रथिने असतात, म्हणजे पान समोर आले तर एक आकडा आणि देठ समोर आला तर दुसरा. ढिगाच्या वेगवेगळ्या ठिकाणांहून मुठी घ्या, बारीक कुट्टी करा, कालवा, आठ-दहा जागी टेकवा आणि सरासरी धरा. बहुतेक वेळा यंत्रापेक्षा जास्त चूक या मुठीत असते.

आता तिसरा प्रश्न, उपयोगाचा. पहिला उपयोग ओलाव्याचा आहे. एक हिशेब करून पाहा. समजा, गाईला रोज २० किलो नेपियर टाकता. चाऱ्यात शुष्क पदार्थ १८ टक्के असेल तर तिला ३.६ किलो खरा चारा मिळाला, २५ टक्के असेल तर ५ किलो. प्रथिने दोन्ही वेळी शुष्क पदार्थाच्या ९ टक्के धरली, तरी एकदा ३२४ ग्रॅम मिळतात आणि एकदा ४५० ग्रॅम. फरक १२६ ग्रॅमचा. तो भरून काढायला २० टक्के प्रथिनांचे पशुखाद्य ६३० ग्रॅम घालावे लागेल, तेही दर गाईमागे रोज. पावसाळ्यात कोवळा, पाणचट चारा भरपूर घालूनही दूध का उतरते, त्याचे एक मोठे कारण या हिशेबात आहे. काटा २० किलोच दाखवतो, पण त्यात पाणी किती ते सांगत नाही.

दुसरा उपयोग कापणीची वेळ ठरवण्याचा. पीक वाढते तसे वजन वाढते, पण देठ जून होतात, लिग्निन साठते, पानांचा वाटा घटतो आणि प्रथिने उतरतात. लसूणघास साधारण १० टक्के फुलांवर असताना कापावा, मका चिकात असताना, हे आपण ऐकत आलो आहोत. हे नियम बरोबरच आहेत. मात्र थंडीत, उन्हाळ्यात, पाण्याच्या पाळ्या चुकल्यावर पीक कॅलेंडरप्रमाणे चालत नाही. कापणी जवळ आलेल्या आठवड्यात दर दोन दिवसांनी मोजलेला आकडा कापणीचा दिवस सांगतो.

तिसरा उपयोग विकत घेण्याचा, आणि मला तो सगळ्यांत मोलाचा वाटतो. कडबा आपल्याकडे शेकड्यावर विकला जातो. पेंढ्या शंभर मोजल्या जातात, त्यातला कस मोजला जात नाही. हैदराबादच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या ज्वारीच्या कडब्याचा अभ्यास आंतरराष्ट्रीय पशुधन संशोधन संस्था आणि इक्रिसॅट यांच्या शास्त्रज्ञांनी केला होता. त्यात पचनीयता ४७ टक्क्यांवरून ५२ टक्क्यांवर गेली की भावात सुमारे २५ टक्क्यांचा फरक पडत असल्याचे दिसले. घेणाऱ्यांनी कुठलाही अहवाल पाहिला नव्हता. पानांचा भरगच्चपणा, रंग, ताटाची जाडी, गोडवा यांवरून त्यांचे हात आणि डोळे बरोबर निर्णय देत होते. यांतल्या पशुधन संशोधन संस्थेच्या पाटणचेरू इथल्या केंद्राने भारतीय पिकांच्या कडब्यासाठी आणि भुसकटासाठी कॅलिब्रेशनही बसवली, आणि धान्याबरोबर कडब्याचा कसही पाहून वाण निवडण्यासाठी त्यांचा उपयोग झाला. मोहोळच्या मालदांडी ज्वारीला शेतकरी इतकी वर्षे धरून आहेत ते भाकरीइतकेच कडब्यासाठीही, हे तुमच्या भागात वेगळे सांगायला नको.

याच विषयावर आलेले आणखी काही प्रश्न आणि त्यांची उत्तरे :

प्रश्न : उपग्रहावरून किंवा ड्रोनवरून उभ्या चाऱ्याचा कस कळतो का?

उत्तर : अंदाज येतो. हरितद्रव्याच्या प्रत्येक रेणूत नायट्रोजनचे चार अणू असतात आणि पानातला बराचसा नायट्रोजन प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या प्रथिनांत असतो. त्यामुळे पान किती हिरवे यावरून त्यातल्या प्रथिनांचा माग लागतो. तांबडा रंग संपून अवरक्त सुरू होते त्या ६८० ते ७५० नॅनोमीटरच्या सीमेवर हा फरक चांगला दिसतो. युरोपचे सेंटिनेल-२ उपग्रह हा पट्टा पाहतात आणि त्यांची चित्रे मोफत मिळतात.

पण आपल्या शेताच्या मापाने विचार करू. या चित्राचा सगळ्यांत बारीक ठिपका १० मीटर बाय १० मीटरचा, म्हणजे जवळजवळ एका गुंठ्याचा असतो. नायट्रोजनसाठी उपयोगी असलेला सीमेवरचा पट्टा मात्र २० मीटरच्या ठिपक्यात येतो, म्हणजे चार गुंठ्यांत. तुमचा लसूणघास आठ-दहा गुंठे असेल तर स्वच्छ ठिपका एखादाच मिळेल, बाकीच्यांत बांध आणि शेजारचा ऊस मिसळेल. पावसाळ्यात ढग आड येतात ते वेगळेच. न्यूझीलंडसारख्या देशात, जिथे शेकडो एकर सलग कुरण असते, तिथे हे तंत्र जास्त उपयोगी ठरते. तिथल्या मॅसी विद्यापीठाच्या संशोधकांनी जमिनीवरच्या मोजणीसाठी स्वतःचा दिवा असलेला काळ्या डब्यासारखा झाकण-सेन्सर केला होता. तो गवतावर उपडा ठेवला की बदलत्या उन्हाचा आणि ढगांचा त्रास उरत नाही. छोट्या शेतासाठी ही दिशा मला जास्त बरोबर वाटते. आणखी एक सावधगिरी अशी की चुनखडीच्या जमिनीत लोहाच्या कमतरतेनेही पान पिवळे पडते. रंग उतरला म्हणजे नत्रच कमी पडले, असे लगेच धरू नये.

प्रश्न : यंत्र घेणे परवडत नाही. त्याशिवाय काही मोजता येईल का?

उत्तर : नक्की येईल. ओलावा मोजायला घरचा काटा पुरतो. एक किलो कुट्टी ताडपत्रीवर पातळ पसरा, कडक उन्हात रोज उलथापालथ करत वजन स्थिर होईपर्यंत वाळवा. उन्हात वाळलेल्या चाऱ्यातही दहाएक टक्के ओलावा उरतो, तो वजा करा. हाती येतो तो शुष्क पदार्थ.

मुरघासासाठी मक्याचा शुष्क पदार्थ ३० ते ३५ टक्के हवा. कुट्टी मुठीत घट्ट दाबून धरा आणि मूठ उघडा. रस ठिबकला तर मका अजून ओला आहे, गोळा लगेच विस्कटला तर जास्त वाळला, आणि तळवा नुसता दमट होऊन गोळा सावकाश सुटला तर वेळ योग्य आहे.

लसूणघासासाठी अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये १९९१ साली एक पद्धत प्रसिद्ध झाली. शेतातल्या छोट्या चौकोनातल्या सगळ्यांत उंच देठाची उंची मोजायची, सगळ्यांत पुढे गेलेला देठ कळीवर आहे की फुलावर ते पाहायचे, आणि या दोन गोष्टींवरून तंतूंचे प्रमाण काढायचे. तिथले शेतकरी त्यासाठी खुणा केलेली काठी वापरतात. ती समीकरणे तिथल्या पिकावर बसवलेली आहेत, आपल्या वाणांसाठी ती नव्याने बसवावी लागतील. पण उंची आणि फुलोरा यांची वहीत नोंद ठेवायला आणि ती दुधाच्या नोंदीशेजारी मांडायला आजपासून कोणाचीही हरकत नाही.

प्रश्न : यंत्राने चारा उत्तम दाखवला तर तो बिनधास्त घालावा का?

उत्तर : नाही, आणि ही गोष्ट जिवावर बेतणारी आहे. कोवळ्या किंवा पाण्याच्या ताणाखालच्या ज्वारीत, कापणीनंतर फुटलेल्या धाटांत धुरिन नावाचा पदार्थ असतो. जनावराच्या पोटात त्यातून हायड्रोसायनिक आम्ल सुटते आणि किराळ लागते. हेच कोवळे फुटवे प्रथिनांत वरचे असतात, म्हणून यंत्र त्यांना चांगले गुण देईल. ज्वारी फुलोऱ्यात येईपर्यंत हिरवी घालू नये, हा जुना नियम यंत्र आल्यानेही मोडायचा नाही.

नायट्रेटचेही असेच. युरिया भरपूर टाकून मग पाण्याचा ताण बसलेल्या चाऱ्यात नायट्रेट साठते. क्रूड प्रोटीनचा आकडा नायट्रोजनवरून काढलेला असल्याने ते नायट्रेट त्यात प्रथिने म्हणून मिसळू शकते. उसाच्या वाढ्यांतले ऑक्झलेट कॅल्शियम अडकवते, तेही या आकड्यांत दिसत नाही. बुरशीचे विष तर अत्यल्प प्रमाणातही घात करते. कस आणि सुरक्षितपणा या दोन वेगळ्या तपासण्या आहेत. पहिली झाली म्हणजे दुसरी झाली असे नाही.

प्रश्न : मग दूध संघांनी किंवा शेतकरी गटांनी अशी यंत्रे घ्यावीत का?

उत्तर : घ्यावीत, असे माझे स्पष्ट मत आहे, पण एका अटीवर. दुधाचा इतिहास इथे मार्ग दाखवतो. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या स्टीफन बॅबकॉक यांनी १८९० साली दुधातली फॅट मोजायची सोपी पद्धत सर्वांसाठी खुली केली. तोवर दूध मापावर विकले जाई, पाणी घालणारा आणि न घालणारा दोघांना सारखाच भाव मिळे. मोजणी गावापर्यंत पोचली आणि चांगल्या दुधाला चांगला भाव देणे शक्य झाले. आज आपल्या संकलन केंद्रावर सकाळ-संध्याकाळ प्रत्येकाच्या दुधाची फॅट आणि एसएनएफ लागते. त्याच गाईच्या गव्हाणीत काय पडते याची मोजणी मात्र बहुतेक ठिकाणी एकदाही होत नाही. आणि दूध उत्पादनाचा सर्वांत मोठा खर्च चारा-खाद्याचाच आहे.

एकट्या शेतकऱ्याने यंत्र घेण्यापेक्षा संघाने एक घ्यावे आणि संकलन केंद्रांवर ते वाराप्रमाणे फिरवावे. अट अशी की दर हंगामात यंत्रावर तपासलेले काही नमुने प्रयोगशाळेत पाठवून शाळू, आफ्रिकन टॉल मका, नेपियर, लसूणघास, वाढे, डोंगरउतारावरचे पवना-मारवेल गवत यांची कॅलिब्रेशन आपल्याच भागात उभी करावीत. राहुरीचे कृषी विद्यापीठ, उरुळी कांचनची बाएफ, झाशीची गवत व चारा संशोधन संस्था, आपली पशुवैद्यक महाविद्यालये यांच्याकडे चाऱ्याच्या अभ्यासाची मोठी परंपरा आहे. नमुने गावांतून आणि रासायनिक अहवाल संस्थांतून आले, तर हे काम दोन-तीन हंगामांत मार्गी लागण्यासारखे आहे. तयार झालेली कॅलिब्रेशन कोणत्याही एका विक्रेत्याच्या ताब्यात न जाता सर्वांना खुली असावीत, हेही संघाने सुरुवातीलाच लिहून घ्यावे.

तसे झाले तर माढ्यातला शेतकरी कडब्याचा शेकडा ठरवताना त्यातला कसही बोलीत धरू शकेल. चांगला कडबा राखणाऱ्याला त्याचे दाम मिळेल आणि घेणाऱ्याला आपल्या गाईच्या पोटात काय जाणार ते कळेल. हा हक्क दूध घेताना ग्राहकाला मिळाला आहे, चारा घेताना तो शेतकऱ्यालाही मिळायला हवा.